मोठा मासा समोर असतानाही वर यायचं, हे नाशिकच्या तलावातच शिकून जा

प्रश्न थोडक्यात असा: वय 26, सातपूरला नोकरी, रोज पहाटे जलतरण तलावात दीड किलोमीटर पोहणं, गादीवर पडून दम पावणेदोन मिनिटं. सप्टेंबरात तीन आठवडे ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिलला मावसभावाकडे जायचंय. भाऊ बोट घेऊन ग्रेट बॅरियर रीफवर, म्हणजे तिथल्या समुद्रातल्या प्रवाळ खडकांच्या लांबलचक रांगेवर, स्पिअरफिशिंगला (दम धरून बुडी मारून भाल्याने मासे मारायला) जातो. तिथला दिवस कसा असतो, आणि रीफवरचा मोठा मासा मिळावा म्हणून नाशिकमधून काय तयारी करून जावं?

वयाने माझ्या मुलाएवढा आहेस, म्हणून अरे-तुरे करतो. टाउन्सव्हिलला मी अकरा वर्षं नोकरी केली आणि तिथे बहुतेक शनिवारी पाण्यात असायचो. आता नाशिकला परत येऊन पोहणं आणि दम धरणं शिकवतो. त्यामुळे तुझ्या प्रश्नाची दोन्ही टोकं माझ्या ओळखीची आहेत.

पावणेदोन मिनिटांचा दम तुला भरपूर आहे. अकरा वर्षांत माझ्या बहुतेक बुड्या एका मिनिटाच्या आसपास होत्या, खोली आठ ते बारा मीटर. दम वाढवायच्या नादाला तू आत्ता लागूच नकोस. तुला शिकायचंय ते वेगळंच आहे: मासा समोर आहे, नेम लागत आलाय, अजून दहा सेकंद थांबलं तर मिळेल, अशा वेळी पाठ फिरवून वर यायचं. स्पिअरफिशिंगमध्ये माणसं शार्कमुळे क्वचित जातात. जातात ती या जास्तीच्या दहा सेकंदांत. आणि मासा जितका मोठा, तितके ते दहा सेकंद जास्त मोहात पाडतात.

आधी ‘मोठा मासा’ म्हणजे काय ते बघू, कारण तुझ्या डोक्यात माणसाएवढा हेकरू (ग्रूपर) असावा असं प्रश्नावरून वाटलं. तो मारायचा नाही. टाउन्सव्हिल ज्या राज्यात येतं त्या क्वीन्सलँडमध्ये क्वीन्सलँड ग्रोपर, पोटॅटो कॉड, बॅरामुंडी कॉड आणि माओरी रॅस हे मासे पकडायलाच बंदी आहे. ग्रोपर म्हणजे तोच जायंट ग्रूपर, ज्याला आपल्याकडेही वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. तो पाण्यात तुझ्याजवळ येईल, तुझ्याकडे टक लावून बघेल, कदाचित तुझा मासाही पळवेल. त्याला बघायचं आणि पुढे जायचं.

मग उरतो तो कोरल ट्राउट. नावात ट्राउट असलं तरी हा आपल्या हेकरू-गोबऱ्याच्याच कुळातला. अंगाचा रंग तांबड्यापासून शेवाळी करड्यापर्यंत, त्यावर निळे बारीक ठिपके. किमान लांबी 38 सेंटिमीटर, माणशी जास्तीत जास्त सात. त्याचाच मोठा भाऊ ब्लूस्पॉट ट्राउट, त्याला दोन्ही बाजूंनी मर्यादा: 50 सेंटिमीटरच्या खाली नाही, 80 च्या वर नाही. साठ-पासष्ट सेंटिमीटरचा कोरल ट्राउट म्हणजे पहिल्या खेपेला फार मोठी कमाई. हे आकडे अधूनमधून बदलतात, निघायच्या आदल्या रात्री भावाबरोबर पुन्हा तपासून घे. समुद्रातल्या हौशी मासेमारीला क्वीन्सलँडमध्ये परवाना लागत नाही, पण नियम मोडल्यावर ‘पाहुणा होतो’ हे कारण चालत नाही.

आणखी एक गोष्ट मला मनापासून सांगायचीय. कोरल ट्राउट जन्मतो मादी म्हणून आणि मोठा झाल्यावर नर होतो. म्हणजे एखाद्या खडकावरचा सगळ्यात मोठा ट्राउट टिपलास, तर बहुतेक वेळा तू त्या खडकावरचा नर काढून नेलास. दुसरी मादी यथावकाश नर होते, पण त्यात वेळ जातो. म्हणून एका खडकावरून एकच, फार तर दोन. गळाला काय लागेल ते आपल्या हातात नसतं. भाल्याच्या बाबतीत मात्र बघून, मोजून, निवडून मारता येतं. या प्रकारातली मला सगळ्यात प्रिय गोष्ट तीच आहे, आणि तिचा मान ठेवायचा असेल तर निवड नीट करायला हवी.

मोजण्यात एक फसगत होते. मास्कच्या काचेतून पाण्यात सगळं साधारण एकतृतीयांश मोठं आणि पाव अंतर जवळ दिसतं. तुला 45 सेंटिमीटरचा वाटलेला ट्राउट बोटीत आल्यावर 34 चा भरतो, आणि तेव्हा तो मेलेला असतो. यावर उपाय नाशिकमध्येच कर. प्लायवूडचे माशाच्या आकाराचे तीन तुकडे काप: 30, 38 आणि 50 सेंटिमीटरचे. वजन बांधून तलावाच्या तळाशी ठेव आणि मास्क लावून वेगवेगळ्या अंतरांवरून ओळखायचा सराव कर. दोन आठवड्यांत डोळा बसतो.

आता तलावातला दम. इथे जरा थांबतो, कारण नाशिकमधल्या मुलांची सगळ्यात मोठी चूक इथेच होते.

पाचेक वर्षांपूर्वी शहरातल्याच एका तलावावर मी शेजारच्या लेनमध्ये होतो. एकोणीस वर्षांचा मुलगा, उत्तम पोहणारा. काठाला धरून त्याने आठ-दहा जोरजोरात श्वास घेतले आणि पाण्याखालून निघाला. एक लांबी झाली, दुसरी झाली, तिसरी सुरू केली. अर्ध्यात त्याचे हात थांबले. अंग पुढे सरकत राहिलं, पाय एकदा हलले, आणि तोंडातून बारीक बुडबुड्यांची माळ वर आली. काठावरच्या माणसाला वाटलं, सराव चाललाय. पाणी जेमतेम साडेचार फूट होतं. मी त्याला वर घेतला तेव्हा ओठ जांभळे, डोळे उघडे, नजर कुठेच नाही. हनुवटी पाण्याबाहेर धरली, गॉगल काढला, गालावर थापटलं, डोळ्यांवर फुंकर मारली, नावाने हाक मारत ‘श्वास घे, श्वास घे’ म्हणत राहिलो. चार-पाच सेकंदांनी त्याने श्वास ओढला. त्याचं पहिलं वाक्य होतं, “थांबवलं का सर? मी तर पोहतोय अजून.” आपण बेशुद्ध झालो होतो हे त्याला माहीतच नव्हतं.

असं का होतं? श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे. प्राणवायू कमी झाल्याची जाणीव शरीर तेवढ्या जोरात करून देत नाही. जोरजोरात श्वास घेतले की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पण प्राणवायूचा साठा फारसा वाढत नाही. म्हणजे धोक्याची घंटा तूच काढून ठेवतोस. छान वाटत असतं, आणि छान वाटत असतानाच दिवा विझतो. समुद्रात यात खोलीची भर पडते. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, त्यामुळे फुफ्फुसात उरलेला थोडा प्राणवायूही रक्ताला पुरतो. वर येताना तोच दाब निम्मा होतो आणि तोच प्राणवायू अपुरा पडतो. म्हणून शुद्ध सहसा तळाशी जात नाही. ती शेवटच्या काही मीटरांत जाते, किंवा डोकं पाण्याबाहेर आल्यावर, पहिला श्वास घेऊनही दहा-पंधरा सेकंदांनी.

तेव्हा तलावात एकट्याने पाण्याखाली दम धरायचा नाही. जीवरक्षक असला तरी नाही. त्याचं लक्ष सगळ्या तलावावर असतं, तुझ्या जोडीदाराचं फक्त तुझ्यावर असायला हवं. कार्बन डायऑक्साइड सोसायचा सराव घरी गादीवर कर. एक मिनिट दम, दीड मिनिट विश्रांती, मग प्रत्येक खेपेला विश्रांती दहा-दहा सेकंदांनी कमी. पोटाला हिसके येऊ लागतात, त्यांची ओळख करून घे. ते आले की घाबरायचं नाही आणि त्यांच्याशी झुंजायचंही नाही. समुद्रात पहिला हिसका हीच वर यायची खूण. पायांसाठी पांडवलेणीच्या पायऱ्या आहेतच. दम न धरता, संथ लयीत, नाकाने श्वास घेत चढ-उतर कर. लांब फिन्स (पायात घालायचे रबरी पंखे) ओढायला मांड्याच लागतात.

गंगापूर धरणात सराव करू का, असं विचारलंयस. नको. पाणी गढूळ, हाताच्या अंतरापलीकडे काही दिसत नाही, तळाला जुनी जाळी आणि झाडांचे बुंधे. जोडीदार तुला बघूच शकत नसेल तर जोडीदार असून उपयोग काय?

कानांची तयारी मात्र अगदी कोरड्यात होते. उथळ तलावात कानांना फारसं आव्हान नसतं, आणि पहिल्याच दिवशी समुद्रात चार मीटरवर पाण्याच्या दाबाने कान दुखून माणूस अडतो. कान सोडवायला, म्हणजे आतून हवा भरून तो दाब सारखा करायला, बहुतेक जण नाक दाबून छातीतून हवा ढकलतात. डोकं खाली असताना ते नीट जमत नाही. छातीऐवजी जिभेने ढकलायचं. नाक चिमटीत धर आणि ‘पक्का’ म्हणायला लाग. जोडाक्षराच्या ‘क्क’वर घसा क्षणभर बंद होतो, तिथेच थांब. आता जिभेची मागची बाजू वर-मागे रेट. नाकपुड्या फुगतात आणि कानात ‘टक्’ होतं. पोट आणि छाती अजिबात हलता कामा नये, दुसरा हात पोटावर ठेवून बघ. रोज शंभर वेळा, बसमध्ये, जेवणानंतर, कुठेही. महिन्याभरात सहज होतं. सर्दी असेल त्या दिवशी बुडी नाही, मग भावाने कितीही लांबून बोट काढलेली असो.

जमलं तर जाण्याआधी आयडा, एसएसआय किंवा पॅडी यांपैकी एखाद्या संस्थेचा पहिल्या पातळीचा फ्रीडायव्हिंग (टाकीशिवाय, दमावर बुडी मारण्याचा) कोर्स कर. स्कुबाचं, म्हणजे पाठीवर हवेची टाकी लावून बुडी मारण्याचं, प्रमाणपत्र इथे उपयोगी नाही. स्कुबाचा पहिला नियमच असा की श्वास कधी रोखायचा नाही. आणि स्कुबा केलेल्या दिवशी नंतर फ्रीडायव्हिंग करायचं नाही, हेही लक्षात ठेव. क्वीन्सलँडमध्ये टाकी लावून भाला चालवायला बंदी आहे, फक्त स्नॉर्केल (तोंडात धरायची हवेची नळी) चालतो.

आता प्रत्यक्ष दिवस.

तो आदल्या संध्याकाळीच सुरू होतो. ग्रेट बॅरियर रीफ मरीन पार्क रंगांच्या पट्ट्यांत वाटलेला आहे. 2004 पासून साधारण एकतृतीयांश भाग हिरव्या पट्ट्यात आहे, तिथे मासेमारी पूर्ण बंद. पिवळ्या पट्ट्यात मर्यादित, निळ्यांत मोकळीक, पण काही ठिकाणी भाल्याला वेगळी बंदी. एकाच रीफची एक बाजू निळी आणि दुसरी हिरवी असू शकते, म्हणून नकाशा जीपीएसमध्ये टाकूनच निघायचं. वारा बघायचा. दहा नॉटपर्यंत (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) उत्तम, पंधराच्या वर गेला तर छोट्या बोटीने जायचं नाही. बाहेरच्या रीफा टाउन्सव्हिलपासून साठ-सत्तर किलोमीटर. परतताना वारा तोंडावर असला तर दोन तासांचे चार होतात. किनाऱ्यावर कुणाला तरी परतायची वेळ सांगून ठेवायची. तू सप्टेंबरात जातोयस ते चांगलं. पाणी चोवीस अंशांच्या आसपास असतं आणि जेलीफिशचा हंगाम सुरू व्हायचा असतो. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरच्या अमावास्येला रीफच्या माशांसाठी पाच-पाच दिवस मासेमारी बंद असते, कारण ट्राउट त्याच सुमारास अंडी घालतो. तिकीट पुढे ढकलायचा विचार असेल तर या तारखा आधी बघ.

पहाटे पोट हलकं ठेव. केळी, टोस्ट, पाणी. भरपेट पोहे आणि दुधाचा चहा बोटीत त्रास देतात. बोट लागण्याची गोळी घेत असशील तर आधी घरी एकदा घेऊन बघ, काहींना तिने गुंगी येते आणि गुंगीत बुडी मारणं धोक्याचं.

पाण्यात उतरल्यावर पहिलं काम वजनाचं, म्हणजे खाली जाता यावं म्हणून कमरेच्या पट्ट्यात लावतात त्या वजनांचं. नाशिकचं गोडं पाणी आणि समुद्राचं खारं पाणी यांच्या घनतेत सुमारे अडीच टक्क्यांचा फरक आहे. तुझं वजन ऐंशी किलो असेल तर समुद्र तुला साधारण दोन किलोने जास्त उचलतो, वर वेटसूट (पाण्यात घालायचा रबरी पोशाख) आणखी तरंगवतो. म्हणून तलावात जुळवलेला वजनाचा पट्टा तिथे चालत नाही. खरी कसोटी अशी: पृष्ठभागावर उभा राहा, श्वास पूर्ण सोड, हलू नकोस. पाणी डोळ्यांच्या पातळीवर थांबलं पाहिजे. त्याहून खाली गेलास तर पट्ट्यातून एक वजन काढ. लवकर तळ गाठायचा म्हणून जास्त वजन लावणारे खूप भेटतील. शुद्ध गेली तर तोच पट्टा माणसाला खाली घेऊन जातो. पट्ट्याची कडी एका हाताने झटक्यात सुटणारी हवी.

दोघांत एकच बंदूक (भाला सोडणारी), हा माझा नियम होता आणि नवख्यासाठी तरी तो पक्का धर. दोघांकडे बंदुका असल्या की दोघंही मासे शोधतात, कुणीच कुणाला बघत नाही. एक खाली, दुसरा वर. वरच्याचं तोंड पाण्यात, नजर खालच्यावर. खालचा वर आला की पुढची तीस सेकंदं वरच्याने त्याच्या चेहऱ्याकडे बघायचं, माशाकडे नाही. तिसरा माणूस बोटीत. बंदुकीपासून लांब दोरी, दोरीच्या टोकाला तरंगणारा फ्लोट, त्यावर झेंडा. ही दोरी का, ते पुढे सांगतो. बंदूक पाण्यातच भरायची आणि बोटीकडे वळण्याआधी पाण्यातच रिकामी करायची. याला अपवाद नाही.

मासा कुठे असतो? प्रवाह रीफच्या ज्या टोकाला येऊन धडकतो तिथे. छोट्या माशांचे थवे तिथे ढगासारखे लोंबकळतात, आणि मोठे त्यांच्या खाली. पांढऱ्या वाळूतून वर आलेला प्रवाळाचा एकटा खांब असतो, तिकडे त्याला बॉमी म्हणतात. त्याच्या पायथ्याच्या सावलीत ट्राउट पोट टेकून बसलेला असतो.

वर फ्लोटला धरून दोन-तीन मिनिटं पडून राहायचं. पोटाने संथ श्वास, सोडणं घेण्यापेक्षा लांब. खाली घालवलेल्या वेळेच्या किमान दुप्पट वेळ वर, ही खूणगाठ बांध. मग एक पूर्ण श्वास, स्नॉर्केल तोंडातून बाहेर, कमरेत वाकून पाय सरळ आकाशात. पाय पाण्यात गेल्याशिवाय फिन मारायची नाही, नाहीतर छपाक् होतं आणि खालचे सगळे सावध होतात. पहिल्या मीटरपासून कान सोडवत जायचं. सात-आठ मीटरनंतर अंग आपोआप खाली जाऊ लागतं, तिथे पाय थांबव.

तळाशी ट्राउटच्या दिशेने थेट जाऊ नकोस. त्याच्या डोळ्यात बघू नकोस. बाजूला कुठेतरी खडकाला लागून पड आणि भलतीकडे बघत राहा. ट्राउट चौकस असतो. अंगाचा रंग पालटतो, फिकट पट्टे उठतात, आधी तोंड तुझ्याकडे करतो आणि मग हळूच आडवा होतो. तो आडवा होण्याचा क्षण, एवढाच तुझा क्षण. भाल्याच्या टोकापासून मासा दोन, फार तर तीन मीटरवर हवा. नेम कल्ल्याच्या झाकणामागे, जरा वर, मणक्यावर. तिथे बसला तर मासा जागच्या जागी थांबतो, त्याला कळतही नाही. तोंड तुझ्याकडे असताना मारायचं नाही. मागे काय आहे ते दिसत नसेल तर मारायचं नाही, तिथे जिवंत प्रवाळ असेल किंवा तुझा भाऊ.

आणि आता माझ्या सगळ्यात वाईट दिवसाबद्दल. पाचवं वर्ष असेल. अकरा मीटरवर एका कपारीत ट्राउट होता, मी तोवर पाहिलेला सगळ्यात मोठा. तो आडवा झाला आणि पुन्हा मागे सरला. पहिला हिसका आला. मला स्पष्ट आठवतं, मी मनात म्हटलं, ‘फक्त एकदा वळू दे.’ तो वळला, मी मारला, भाला मणक्याच्या खाली बसला आणि मासा कपारीत घुसला. मी दोरी धरून ओढू लागलो. ओढताना किती वेळ गेला त्याची मला जाणीवच राहिली नाही. वर आलो ते आठवतं. त्यानंतरचं जोडीदाराने सांगितलं: मी पृष्ठभागावर आलो, मान थरथरू लागली, हात आपोआप हलत होते, तोंड पुन्हा पाण्यात चाललं होतं. त्याने हनुवटीखाली हात घालून मला धरलं, मास्क काढला, नावाने हाका मारल्या. त्याच्या घड्याळात माझी बुडी एक मिनिट बावन्न सेकंदांची होती. माझ्या नेहमीच्या बुडीपेक्षा जवळजवळ पन्नास सेकंद जास्त. मला तेव्हा कुणी विचारलं असतं, तर मी सवा मिनिट सांगितलं असतं आणि ते मला खरंच वाटलं असतं.

त्या दिवशी पुन्हा कुणीच पाण्यात उतरलं नाही. शुद्ध हरपली किंवा असा झटका आला की त्या दिवसाच्या बुड्या तिथेच संपतात.

म्हणून ती फ्लोटची लांब दोरी. मासा कपारीत घुसला, भाला अडकला, काहीही झालं तरी बंदूक सोडून द्यायची आणि वर यायचं. दोरी वर फ्लोटला बांधलेली आहे, बंदूक कुठे जात नाही. पाच मिनिटं दम खायचा, मग जोडीदाराने उतरून बघायचं. मासा तिथेच असतो. हे वाचायला सोपं आहे, पण हातातली बंदूक सोडायला बोटं तयार होत नाहीत. याचा सराव तलावात कर: तळाशी वजन ठेव, दोरीने ओढत आण, आणि जोडीदाराने काठावर ठोकल्याचा आवाज आला की असेल तिथे सोडून वर ये. शंभर वेळा.

मासा वर आला की वेळ काढायचा नाही. हातमोजा घालून कल्ल्यात बोटं घालायची आणि डोळ्याच्या जरा मागे-वर सुरीचं टोक एकदाच खुपसायचं. अंग एकदा ताठतं आणि सैल पडतं. आपण घेतलेल्या जिवाला तडफडत ठेवायचं नाही, आणि अशा माशाचं मांसही चांगलं राहतं. कल्ले कापून रक्त काढायचं ते बोटीपाशी. जखमी माशाची धडपड ग्रे रीफ शार्क लांबून ओळखतात, दोन-तीन मिनिटांत हजर होतात. मासा कमरेला बांधून पोहायचं नाही, लगेच बोटीत द्यायचा. शार्कने मासा धरलाच तर दोरी सैल सोड, तो मासा आता त्याचा. एक-दोन मासे झाले की बोट दोन-तीनशे मीटर पुढे. बोटीत बर्फ आणि समुद्राचं पाणी एकत्र केलेला गारठा तयार हवा, नुसत्या बर्फापेक्षा त्यात मासा लवकर थंड होतो.

दुपारी दोनला आवरायचं. थकलेला माणूस वर विश्रांती कमी घेतो आणि खाली जास्त थांबतो. ‘शेवटची एक बुडी’ म्हणून कुणी उतरू लागलं तर त्याला बोटीत बसव.

घरी आल्यावर एक धोका ताटात असतो, तो नाशिककराला ठाऊक नसतो. प्रवाळावरच्या शेवाळात राहणाऱ्या एका सूक्ष्म जीवात विष असतं. ते शेवाळ खाणाऱ्या माशात जातं, त्याला खाणाऱ्या मोठ्यात जातं, आणि सगळ्यात मोठ्या शिकारी माशात साठत राहतं. याला सिग्वाटेरा म्हणतात. वास नाही, चव नाही, शिजवून किंवा गोठवून जात नाही. उलट्या-जुलाब होतात, ओठांना मुंग्या येतात, थंड पाणी हाताला भाजल्यासारखं लागतं, आणि हा त्रास आठवडेच्या आठवडे रेंगाळू शकतो. रेड बास, चायनामनफिश आणि पॅडलटेल या माशांवर क्वीन्सलँडने यासाठीच बंदी घातलीय. चांगल्या ट्राउटमध्येही मोठ्याचं डोकं, काळीज आणि गाबोळी खायची नाही. आपल्याकडे डोक्याचं कालवण म्हणजे मानाचं, पण तिथे तो मोह टाळ. पहिल्या जेवणात एका माशाचा थोडाच भाग खायचा. रीफवरचा मासा फार मोठा नसलेलाच बरा, याचं हेही एक कारण.

ट्राउटचं मांस पांढरं, घट्ट, गोडसर. घरचा काळा मसाला घेऊन जाशील, तर तो मटणाला वापर. या माशाला हळद, मीठ, लिंबू, तांदळाच्या पिठात हलकं घोळवून तव्यावर, बस.

परत येऊन मालवणला हेच करता येईल का, असंही विचारलंयस. मालवणच्या समुद्राचा काही भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, आणि प्रवाळही आपल्या कायद्याने संरक्षित आहेत. आंग्रिया बँक, म्हणजे समुद्राखालचं प्रवाळाचं पठार, किनाऱ्यापासून शंभर किलोमीटर आत, आणि तिचा सगळ्यात उथळ भागही वीसेक मीटर खोल. मी आपल्या किनाऱ्यावर भाला घेऊन उतरत नाही. मास्क आणि फिन्स घेऊन तासन्‌तास पाण्यात असतो.

बंदूक विकत घेऊन नेऊ नकोस, भावाकडची वापर. स्वतःचा नेमका बसणारा मास्क तेवढा ने. वापरलेला वेटसूट किंवा फिन्स नेल्यास स्वच्छ धुऊन, वाळवून ने आणि विमानतळावर जाहीर कर. वाळू-चिखलाबाबत तिथले अधिकारी फार कडक असतात.

सप्टेंबरला अजून वेळ आहे. तलावावर सराव सुरू करशील तेव्हा एकटा येऊ नकोस, जो कायम बरोबर असेल असा एक जोडीदार घेऊन ये. त्याला दम किती आहे ते मी विचारणार नाही. तुम्हा दोघांना एकमेकांच्या हनुवटीखाली हात घालून, तोंड पाण्याबाहेर धरून, मास्क काढून तलावाच्या काठापर्यंत आणता आलं पाहिजे. ते दोघांनाही डोळे मिटून जमेपर्यंत पाण्याखालची एकही लांबी मी मोजणार नाही.